सात देश, अकरा दिवस आणि तेरच्या बाहुलीची बहीण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत युरोप सहलीवरचा लेख वाचला. वर अर्धं पान लेख, खाली अर्धं पान जाहिराती, दोन्हीकडे तोच टॉवर आणि तेच हसरं कुटुंब, त्यामुळे लेख कुठे संपला आणि जाहिरात कुठे चालू झाली हे मला चष्मा लावूनही पटकन कळलं नाही. रिकामटेकडा माणूस आहे म्हणून मोजलं, लेखात 'पाहा' हा शब्द चौदा वेळा आलाय. हे पाहा, ते पाहा, वाटेत तेही पाहून घ्या. मला या 'पाहा'बद्दलच बोलायचंय. पत्र लांबलंय, हवं तर कापा, पण तेरचा भाग तेवढा ठेवा.

2018 च्या मे महिन्यात मी आणि सौ. एका टूर कंपनीबरोबर युरोपला गेलो होतो. कंपनीचं नाव घेत नाही, माणसं चांगली होती. मी बँकेतून रिटायर झालेलो, फंडाचे पैसे आलेले, चिरंजीव म्हणाले आता नाही गेलात तर कधीच जाणार नाही, तेव्हा जा. अकरा दिवस, सात देश, माणशी पावणेदोन लाख. छापील कार्यक्रमात नवव्या दिवशी ठळक अक्षरात लिहिलेलं 'रोम: जगप्रसिद्ध कोलोसियम, पँथिऑन, ट्रेव्ही फाउंटन'. त्या एका ओळीसाठी मी आधीचे आठ दिवस पहाटे साडेपाचला सामान दाराबाहेर ठेवत होतो म्हणा ना.

रोमच्या मध्यभागात मोठ्या बस आत सोडत नाहीत. आमची बस लांब कुठेतरी थांबली, मग टूर मॅनेजरच्या झेंड्यामागे आम्ही बेचाळीस माणसं वरात निघावी तसे निघालो. कोलोसियम, म्हणजे जुन्या रोमन लोकांचं खेळांचं स्टेडियम, त्याच्यासमोर पोचल्यावर तो म्हणाला, पंचवीस मिनिटं, फोटो काढून घ्या, टॉयलेट त्या बाजूला. त्या पंचवीसमधली बारा मिनिटं सौ. टॉयलेटच्या लाईनीत, मी तिची पर्स धरून उभा. उरलेल्या वेळात ग्रुप फोटो. मी विचारलं, आत कधी जायचं? तो म्हणाला, काका, आपल्या पॅकेजमध्ये आउटसाईड व्ह्यू आहे. आणि कागद काढून दाखवला. खरंच होतं, पानाच्या तळाशी फुली मारून बारीक अक्षरात छापलेलं, अमुक ठिकाणी फोटो स्टॉप. सही माझीच होती. बँकेत तीस वर्षं लोकांना 'नीट वाचून सही करा' सांगणारा मी.

पँथिऑन या जुन्या रोमन देवळाची गंमत तर आणखी. तेव्हा तिथे तिकीटच नव्हतं, फुकट. दार उघडं, माणसं आत-बाहेर करतायत, आणि आम्ही समोरच्या चौकात कारंज्यापाशी जिलाटो, म्हणजे तिथलं आइस्क्रीम, चाटतोय, कारण कार्यक्रमात तिथे 'जिलाटोचा आस्वाद' लिहिलेलं. मी म्हटलं पाच मिनिटं आत डोकावून येतो, तर उत्तर आलं की काका, एकाला सोडलं की सगळे सुटतात, बस निघून जाईल. बसचं तरी काय चुकलं, ड्रायव्हरच्या ड्युटीचे तास ठरलेले. रागावायचं कोणावर? परत आल्यावर पाहुणे विचारायचे, रोम बघितलं? मी हो म्हणायचो. खोटं नव्हतं, पण घशात अडकायचं.

एक मात्र कबूल करतो, नाहीतर ग्रुप टूरवाल्यांवर अन्याय होईल. आमच्या बसमध्ये ऐंशीच्या घरातल्या एक आजी होत्या, व्हीलचेअरवर, सोबत मुलगी. त्यांना स्वित्झर्लंडचा बर्फ हाताला लावायचा होता, तो लावला, रात्री वरणभात मिळाला, औषधं वेळेवर झाली. त्यांना ही टूर हजार टक्के बरोबर होती. भाषा येत नाही, व्हिसाच्या कागदांची धास्ती, शाकाहारी जेवणाची पंचाईत, अशांसाठी या कंपन्यांनी खरंच दारं उघडली, आमच्या आईवडिलांच्या पिढीत पंढरपूर-काशीपलीकडे कोण जात होतं. माझी तक्रार टूरवर नाहीच, तक्रार त्या एका क्रियापदावर आहे. बाहेरून बघणं आणि आत जाऊन बघणं यांना एकच शब्द वापरायचा आणि पैसे मात्र आत जाऊन बघण्याचे घ्यायचे.

आता तेरचं सांगतो, कारण खरा सल तिथला होता.

मी मूळचा उस्मानाबादचा, आता धाराशिव म्हणायचं, अजून जिभेला सवय नाही. शाळेत असताना आमची सहल तेरला गेली होती. तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव, तेवढंच आम्हाला माहीत. समाधीचं दर्शन झालं, खिचडी झाली, मग इतिहासाच्या सरांनी आम्हाला वस्तुसंग्रहालयात नेलं. लामतुरे संग्रहालय. खापरं, मणी, मातीच्या मूर्ती, आम्ही पोरं ढकलाढकली करत फिरत होतो. एका काचेत हस्तिदंताची एक बाई होती, विटकरी-पिवळट पडलेली, बाहुलीएवढी. सर म्हणाले, पोरांनो, हिची बहीण इटलीत आहे. आम्ही हसलो. सरांनी शांतपणे सांगितलं की इटलीत पॉम्पेई नावाचं गाव ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, आणि ते खणताना 1938 साली तिथल्या एका घरात अशीच बाई सापडली, भारतातून गेलेली. आणि हे तेर म्हणजे जुनं तगर, ग्रीक भाषेतल्या एका व्यापाऱ्याच्या पुस्तकात याचं नाव आहे, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट, इथला माल गाड्यांवर लादून गुजरातेत भडोचला जायचा आणि तिथून जहाजात.

पन्नास वर्षं झाली असतील, ती 'हिची बहीण इटलीत आहे' डोक्यातून गेली नाही. आणि 2018 ला मी रोमला होतो, ती बहीण तिथून दोन-सव्वादोनशे किलोमीटरवर, म्हणजे पुण्याहून उस्मानाबादपेक्षा जवळ, आणि मी जिलाटो चाटत होतो.

तर 2025 च्या जानेवारीअखेर आम्ही दोघंच गेलो. आठ दिवस, एकच देश, त्यातही दोनच शहरं, रोम आणि नेपल्स. नातेवाईक म्हणाले एवढं तिकीट काढून जाताय तर व्हेनिस तरी करा. नाही केलं. विमान थंडीत स्वस्त, हॉटेल स्वस्त, व्हिसाची फी 90 युरो आणि तीस हजार युरोचा विमा धरूनसुद्धा दोघांचा खर्च 2018 पेक्षा कमी आला, हिशोबाची वही दाखवू शकतो. थंडी होती पण आमच्या माघातल्या पहाटेसारखी, स्वेटर-मफलर पुरलं. ट्रेव्हीच्या कारंज्यात नाणं टाकलं की माणूस परत रोमला येतो म्हणतात, मी 2018 ला त्यात दहा रुपयांचं टाकलं होतं. आलो बुवा परत, तिथे रुपया चालतो.

कोलोसियमचं तिकीट 18 युरो, त्यात शेजारचं फोरम, म्हणजे जुन्या रोमचा मुख्य चौक, आणि पॅलेटाइन टेकडीही येते, चोवीस तास चालतं. तिकीट तीस दिवस आधी ऑनलाईन खुलं होतं आणि त्यावर नाव असतं, दारात पासपोर्ट बघतात, त्यामुळे आदल्या रात्री फोनवर काढू म्हणणाऱ्यांची फजिती होते. बाहेर लोक उभेच असतात तिप्पट भावात विकायला.

आम्ही पहिला अर्धा तास आत गेलोच नाही, बाहेरच फिरलो. हसू नका, यावेळी बाहेरून बघणं आमच्या मर्जीचं होतं. भिंतीला सगळीकडे भोकं आहेत, देवीचे व्रण असावेत तशी. आधी वाटलं तोफगोळे लागलेत. तर नाही, एवढे मोठे दगड चुन्याशिवाय एकमेकांना लोखंडी आकड्यांनी जोडलेले होते, मध्ययुगात लोकांनी लोखंडासाठी ते आकडे उकरून काढले, त्यांची ही भोकं. भंगारवाल्यांची परंपरा फार जुनी आहे तर. आणि कमानींच्या वर रोमन आकडे कोरलेत. 2018 ला त्यांच्याखालीच आमचा ग्रुप फोटो निघाला होता, एकालाही दिसले नव्हते. एकूण 80 कमानी, त्यातल्या 76 ना नंबर, म्हणजे तिकिटावर जो आकडा त्या गेटने आत जायचं, वानखेडेला जातो तसं. आता बाहेरची भिंत पूर्ण राहिलेली नाही, तेवीसपासून चोपन्नपर्यंतचे आकडे शिल्लक आहेत. सौ.ने एकेक वाचत नेले, शाळेतले रोमन आकडे पहिल्यांदाच कामाला आले म्हणाली. इसवी सन 80 मध्ये पन्नास हजार माणसं आत बसवायची आणि चेंगराचेंगरी न होता बाहेर काढायची, याचं उत्तर त्या आकड्यांत आहे. आपल्याकडच्या जत्रांचं नियोजन करणाऱ्यांना इथे सहलीला पाठवा, आत नाही गेले तरी चालेल.

आत एक जण दगडावर किल्लीने काहीतरी करताना दिसला आणि गार्ड लगेच धावला. 2023 मध्ये एका पर्यटकाने तिथे स्वतःचं आणि मैत्रिणीचं नाव कोरलं होतं, व्हिडिओ जगभर फिरला. नंतर त्याने माफीचं पत्र लिहिलं, त्यात म्हणे लिहिलं होतं की वास्तू इतकी जुनी आहे हे मला माहीत नव्हतं. वाचून हसलो होतो, मग आपल्या गडांवरचे बाण मारलेले बदाम आठवले आणि हसू गेलं.

पँथिऑनला 2023 च्या जुलैपासून तिकीट आहे, आम्ही गेलो तेव्हा 5 युरो. म्हणजे जे 2018 ला फुकट नाही बघितलं ते दोघांचे 10 युरो देऊन बघितलं. घुमटाचा व्यास 43 मीटरच्या वर आणि जमिनीपासून वरच्या भोकापर्यंतची उंची तेवढीच, म्हणजे आत एक अख्खा चेंडू बसावा असं गणित. सळई नाही, काही नाही, रोमन काँक्रीट, जवळपास एकोणीसशे वर्षं उभं. माथ्यावर उघडं भोक. आम्ही गेलो तेव्हा बारीक पाऊस चालू होता आणि तो सरळ आत पडत होता, मधोमध दोरी बांधून जागा मोकळी ठेवलेली. सौ. म्हणाली, आपल्या टेरेसला एवढं भोक असतं तर सोसायटीची मीटिंग लागली असती. जमिनीला मधून किंचित फुगवटा आहे आणि फरशीत बारीक छिद्रं आहेत, पाणी तिथून खाली जातं. आम्ही ओल्या फरशीकडे बघत तासभर बसलो. नुसतं बसलो. एक चिनी आजोबापण आमच्या शेजारी तसेच बसलेले, भाषा काहीच कळेना, पण वर बोट दाखवून दोघांनी मान हलवली.

पाण्याची बाटली विकत घेऊ नका, ही सूचना पुरवणीत मोठ्या अक्षरात छापा. रोममध्ये रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत, नाकासारखी चोच म्हणून त्यांना नासोने म्हणतात, आपलं नासिका आठवतं की नाही, चोवीस तास गार स्वच्छ पाणी, फुकट. बसमध्ये आम्ही दोन युरोला बाटली घेत होतो.

रोमहून नेपल्स वेगवान रेल्वेने सव्वा तास. आणि इथे माझी चूक सांगायलाच हवी. पन्नास वर्षं जी बाई बघायची होती तिच्या म्युझियमचा सुट्टीचा वार मी बघितला नाही. मंगळवारी सकाळी उड्या मारत गेलो तर दार बंद. नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद असतं. मी इतरांना शहाणपणा शिकवतोय आणि स्वतः पायरीवर उभा. सौ. काही बोलली नाही, आणि तुम्हाला माहीत आहे न बोलणं किती वाईट. शेवटी तीच म्हणाली, अहो, मग आधी तिचं सासर बघून येऊ, ती उद्या.

तिचं सासर म्हणजे पॉम्पेई. नेपल्सहून लोकलसारखी छोटी गाडी जाते, पाऊण तासाच्या आत, स्टेशनच्या समोरच दार. तिथेही आता तिकिटावर नाव आणि दिवसाला वीस हजार माणसांची मर्यादा, 2024 च्या नोव्हेंबरपासून. जानेवारीत गर्दी नव्हती, खिडकीवर मिळालं. सुमारे 66 हेक्टरचं गाव, त्यातला तिसरा भाग तर अजून खणलाच नाही. टूरवाले इथे दोन तास देतात असं ऐकलं. आम्ही सहा तास होतो, पायाचे तुकडे पडले, आणि पाव भागसुद्धा झाला नसेल.

'चाकोरी' हा शब्द मी आयुष्यभर वापरला. चाकोरीबद्ध नोकरी, चाकोरीबाहेरचं लग्न वगैरे. पॉम्पेईच्या दगडी रस्त्यात गाड्यांच्या चाकांनी दोन-दोन खोल खाचा पडल्यात, वीतभर खोल, बोट घालून बघितलं, कडा गुळगुळीत. ही चाकोरी. लहानपणी आमच्या शिवारात मातीतल्या असायच्या, पाऊस पडला की बुजायच्या. या इसवी सन 79 पासून तशाच. रस्ता ओलांडायला मधे उंच दगड मांडलेत, दोन दगडांमधून चाक बरोबर जावं एवढं अंतर सोडून, म्हणजे रस्त्यावर पाणी-घाण असली तरी पाय कोरडा. मला सिंहगड रोडचा पावसाळा आठवला, फार नाही लिहीत. कोपऱ्याकोपऱ्यावर दगडी कट्ट्यात मोठे रांजण बसवलेली खाण्यापिण्याची दुकानं. भिंतींवर लाल रंगात निवडणुकीच्या घोषणा, अमक्याला निवडून द्या, फलाणा पाव चांगला करतो, अशा हजारो मिळाल्यात. एका भट्टीत 81 गोल पाव सापडले, कोळसा झालेले, आठ भागांच्या खुणा पाडलेले. सकाळी कोणीतरी लावले असतील भट्टीत.

प्लॅस्टरच्या माणसांजवळ मात्र फोटो काढवला नाही. राखेत माणूस गाडला गेला, देह कुजून गेला, राख घट्ट होऊन त्याच्या आकाराची पोकळी राहिली, आणि 1863 मध्ये फिओरेल्ली नावाच्या अधिकाऱ्याने त्या पोकळीत प्लॅस्टर ओतून साचे काढले. गुडघे पोटाशी घेतलेला एक होता. शेजारी दोन मुली सेल्फी काढत होत्या, आपल्याकडच्याच वाटल्या, मी काही बोललो नाही, बोलायला हवं होतं की नको ते अजून ठरलेलं नाही.

मग तिचं घर शोधलं. मोठा हमरस्ता आहे, व्हिया देल'आबोन्दान्त्सा, त्यावर. पुरातत्त्ववाले त्या घराला 'भारतीय मूर्तीचं घर' म्हणतात. नकाशावर नंबर बघत, चुकत, दोनदा मागे येत पोचलो. आत जाता आलं नाही, बंद होतं. बाहेरूनच बघितलं, फोटो काढला, पाच मिनिटं थांबलो. म्हणजे शेवटी आउटसाईड व्ह्यूच. सौ. इतकी हसली की एका इटालियन बाईने विचारलं काय झालं, तिला कसं सांगणार.

बुधवारी म्युझियम. आणि इथे एक अडचण कोणी सांगितलीच नव्हती. ती बाई ठेवलीय कुठे, तर 'गुप्त कक्षा'त. पॉम्पेईत सापडलेल्या कामुक वस्तू, चित्रं, नाही ती चिन्हं, हे सगळं तिथल्या राजांनी शे-दोनशे वर्षांपूर्वी एका खोलीत कोंडून कुलूप लावलं होतं, सर्वांसाठी नीट खुलं झालं ते 2000 साली. आजही चौदाच्या खालच्या मुलांना मोठ्यांशिवाय सोडत नाहीत. आम्ही दोघं साठी ओलांडलेली, ही नऊवारी नाही पण साडीत, कपाळाला टिकली, आणि आजूबाजूला जे काही भिंतीवर टांगलेलं ते मी पत्रात लिहू शकत नाही. ही खाली बघत चाललेली. मी पुढे. आणि मग काचेत ती.

वीतभरापेक्षा थोडी मोठी, 24-25 सेंटिमीटर. एक हात मागे मानेकडे नेलेला, पाय एकात एक अडकवून उभी, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. अंगावर वस्त्र जवळजवळ नाही, दागिने मात्र भरगच्च. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, पायात वाळ्यांवर वाळे, पोटरीपर्यंत. सौ.ने मान वर केली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, अहो, ही तर आपल्याकडच्या लमाण बायकांसारखी नटलीय. अगदी तसंच. आमच्या भागात तांड्यावरच्या म्हाताऱ्या अजून दंडापर्यंत बांगड्या घालतात. पाठीमागे लांबसडक वेणी. डोक्यात वरून एक भोक आहे, म्हणून आरशाची मूठ किंवा एखाद्या चौरंगाचा पाय असावी म्हणतात. सापडली तेव्हा लक्ष्मी म्हणाले, आता जाणकार यक्षी म्हणतात. तळाशी खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे, ती लिपी वायव्य भारताकडची, त्यामुळे ही तेरचीच असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण तेरची तिच्या घडणीची आहे आणि आमच्या मराठवाड्यातच भोकरदनच्या उत्खननातही अशीच हस्तिदंती सापडलीय, हे मात्र खरं. उलट दिशेनेही वस्तू आल्याच की, कोल्हापूरला ब्रह्मपुरीत रोमन समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती मिळाली, टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे, किती कोल्हापूरकरांनी बघितलीय विचारा.

त्या काचेसमोर आम्ही चाळीस मिनिटं होतो. तेवढ्या वेळात तीन गाईड आपापले ग्रुप घेऊन खोलीतून गेले, सगळ्यांची हसाहस भिंतीवरच्या प्रकारांवर, हिच्यापाशी ग्रुपातलं कोणी थांबलं नाही. एक गाईड तेवढा थांबला, 'इंडिया' एवढं म्हणाला, आणि आमच्याकडे बघून ओळखीचं हसला.

आता तुमच्याकडे मागणं. जाहिराती छापू नका म्हणत नाही, पेपर कशावर चालतो ते कळतं. पण तुमच्या लेखात प्रत्येक ठिकाणापुढे एवढं छापायला काय हरकत आहे की आत जायचंय का बाहेरून, किती मिनिटं, आणि कुठल्या वारी बंद. आत जायचं असेल तर तिकीट नावाचं आहे का आणि किती दिवस आधी मिळतं. वाचक काही अगदीच खुळा नसतो, फुलीखालची अक्षरं फक्त त्याला दिसत नाहीत, मोतीबिंदूचं वय असतं. टूर कंपन्यांनीही कार्यक्रमात 'पाहणे' आणि 'बाहेरून पाहणे' सारख्याच टायपात छापावं. 'पॅनोरॅमिक', 'ओरिएंटेशन', 'ड्राईव्ह पास्ट' असले शब्द घातले की माणसाला वाटतं काहीतरी जास्तीचं मिळतंय. ड्राईव्ह पास्ट म्हणजे बसच्या खिडकीतून, तेही उजवीकडच्या सीटवाल्यांनाच.

दुसरं, पुरवणीत एखादा लेख तेरवरही येऊ द्या. त्रिविक्रमाचं विटांचं जुनं मंदिर आहे, गोरोबाकाका आहेत, आणि ती आहे.

परत आल्यावर मार्चमध्ये आम्ही तेरला गेलो. मी शाळेनंतर पहिल्यांदाच, हे सांगायला लाज वाटते. ती मला आठवणीतल्यापेक्षा लहान वाटली, किंवा मी तेव्हा लहान होतो. सौ.ने मोबाईलवरचा नेपल्सचा फोटो काढून काचेशेजारी धरला आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली. तिथल्या माणसाने विचारलं, कुठून आलात? मी म्हटलं पुण्याहून. ही फोटोवरची नजर न काढता म्हणाली, नेपल्सहून, हिच्या बहिणीचा निरोप घेऊन.

आपला,
एक जुना वाचक
(मूळचा धाराशिवचा, सध्या मुक्काम पुणे)

ता.क. पुरवणीतल्या लेखात कोलोसियमच्या फोटोखाली पँथिऑन असं छापलंय. आत जाऊन आलो नसतो तर मलाही कळलं नसतं.